गळका कॉक : आधी जागा शोधा, मग पाना उचला

श्रोतेहो, नमस्कार.

नळ बिघडला की आपण मागचा कॉक बंद करतो. पण तो कॉकच गळायला लागला तर? हे बहुतेक वेळा एका ठरावीक प्रसंगी होतं. कित्येक वर्षं कुणी हात न लावलेला कॉक एखाद्या दुरुस्तीसाठी फिरवला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली ओल दिसते. आपल्या हातून काही मोडलं, असं वाटतं. तसं नसतं. चाकीची दांडी कॉकच्या अंगात जिथे शिरते, तिथे तिच्याभोवती पॅकिंग ठासलेलं असतं. न हलता ते वाळतं, कडक होतं, दांडीला चिकटून बसतं. दांडी फिरली की ती पकड सुटते आणि त्या बारीक फटीतून पाणी वर येतं.

म्हणून आधी पाण्याची वाट शोधा. थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही, कारण दांडीपाशी आलेलं पाणी ओघळून कॉकच्या पोटाखालून टपकतं. सगळा कॉक फडक्याने कोरडा करा आणि कागदी रुमालाचा तुकडा वरून खाली टेकवत या. पहिल्यांदा दांडीपाशी, मग सांध्यांपाशी. कागद जिथे आधी भिजेल, ती जागा. कॉकबरोबर पाइपाच्याही सगळ्या अंगावर बारीक दव असेल तर ती गळती नव्हे, थंड धातूवर हवेतली वाफ धरली आहे.

दांडीपाशी गळत असेल तर काम सोपं आहे. चाकीच्या लगेच खाली सहा कोनांचा एक नट असतो, तो ग्लँड नट. एका पान्याने कॉकचं अंग धरा, म्हणजे मागचा पाइप पिळला जाणार नाही. दुसऱ्या पान्याने ग्लँड नट घड्याळाच्या दिशेने आवळा. किती? बारावरचा काटा दीडपर्यंत येईल इतकाच, म्हणजे एक अष्टमांश फेरा. पुसा, थांबा, बघा. अजून पाझरत असेल तर पुन्हा तेवढाच. चाकी हाताने सहज फिरत राहिली पाहिजे. ती जड झाली की थांबा. जोर लावून आवळलेलं पॅकिंग चिरडतं, आणि पुढच्या वेळी ती घट्ट चाकी फिरवताना दांडीच मोडते.

दोन-तीनदा आवळूनही थांबलं नाही तर पॅकिंग संपलं आहे. मागचं मुख्य पाणी बंद करा, घरातला सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या. गीझरचा कॉक असेल तर गीझर आधी बंद करा. चाकीचा स्क्रू काढून चाकी ओढून घ्या, ग्लँड नट सोडवा. जुनं पॅकिंग टोकदार हत्याराने कोरून काढा, पण दांडीवर ओरखडा उमटू देऊ नका. त्याच ओरखड्यातून पुन्हा पाणी येईल. नवी ग्रॅफाइटची किंवा टेफ्लॉनची दोरी नट आवळतो त्याच दिशेने, खाच भरेपर्यंत गुंडाळा. उलट गुंडाळलीत तर आवळताना ती उलगडून बाहेर येते. दोरी नसेल तर टेफ्लॉन टेप पिळून तिची सुतळी करा, वेळ भागते. नट हाताने बसवा, पान्याने थोडा आवळा, पाणी हळूहळू सोडा आणि गळेल तसा अष्टमांश फेऱ्याने आवळत जा.

बेसिनखाली लवचिक कनेक्शन पाइप जिथे जोडलेला असतो, तिथली गळती वेगळी. लोक तिथे टेपच्या टेप गुंडाळतात आणि गळती काही थांबत नाही. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, नटाच्या आत बसलेला रबरी वायसर अडवतो. तो बदला, नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा द्या. पुरतं.

टेप लागते ती कॉक आणि पाइप यांच्या आट्यांच्या सांध्याला. पण तो सांधा आवळून क्वचितच सुधरतो. उघडा, जुनी टेप पूर्ण खरवडा, आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने ताणून पाच-सात वेढे द्या, टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा. प्लॅस्टिकच्या आट्यांवर मोठा पाना नको, मादी सांधा, म्हणजे आतून आटे असलेला भाग, चिरतो.

बाहेर कोरडं, पण बंद करूनही नळातून पाणी येतंय? चाकीच्या स्टॉप कॉकमध्ये आतला वायसर झिजलेला असतो. पाणी तोडून कॉक आधी उघडा, मगच वरचा भाग काढा, नाहीतर वायसर बैठकीवर, म्हणजे तो जिथे टेकून पाणी अडवतो त्या कडेवर, दाबलेला राहून आटे खराब होतात. बैठकीवर बोट फिरवा. खाच लागली तर नवा वायसरही टिकणार नाही. गेट व्हॉल्व्हची, म्हणजे पाती खाली सरकवून पाणी अडवणाऱ्या कॉकची, आतली पाती गंजली असेल किंवा कोणत्याही कॉकच्या अंगाला तडा असेल, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, कॉकच बदला.

काम झालं की रात्री कॉकखाली कोरडा कागद पसरून ठेवा. सकाळी त्यावर एखादा गोल डाग दिसला आणि पाणी दांडीपासूनच येत असेल, तर ग्लँड नटाला आणखी एक अष्टमांश फेरा द्या आणि पुढच्या रात्री नवा कागद ठेवा.