होम्स भुसावळला उतरतो तेव्हा

या, मागचे पण पुढे सरका, पंखा इकडेच आहे. तर विषय असाय की कोणीतरी दुसऱ्याच्या पुस्तकातली नाहीतर मालिकेतली आवडती पात्रं घेऊन आपली कथा, म्हणजे फॅन फिक्शन, लिहितं, ते भयानक होतं, आणि आपण त्याची टर उडवणारं समीक्षण लिहायचं. पण हसू आलं पाहिजे भो, नुसती चिडचिड कोण वाचेल.

उदाहरण माझंच घेतो, दहावीतल्या वहीतलं. शेरलॉक होम्स भुसावळ स्टेशनला उतरतो, तिथं पंधरा वर्षांची मुलगी भेटते, तिला सात भाषा येतात, तलवार येते, आणि होम्सच्या आधी खुनी तीच ओळखते. अशा नायिकेला फॅन लोकांत मेरी स्यू म्हणतात, आणि हे नावच विडंबनातून आलंय. १९७३ साली पॉला स्मिथ या बाईंनी स्टार ट्रेक या अंतराळयानांच्या टीव्ही मालिकेवरच्या असल्या कथांना वैतागून एक छोटीशी कथा लिहिली, त्यात लेफ्टनंट मेरी स्यू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सगळ्यात तरुण! कोणाला नावं ठेवली नाहीत, सगळ्या खोडी एकाच पोरीच्या अंगावर घातल्या बस.

माझ्या कथेत पोरगी हुशार आहे यात काही चूक नाही हो, तिला हुशार दाखवायला मी होम्सला बावळट केला, गोम तिथे आहे. आणि ती पकडायची तर मूळ होम्स तुम्हाला लेखकापेक्षा जास्त पाठ पाहिजे.

मग लिहायचं कसं? मला पंचनामा फार आवडतो. तलाठ्याच्या गंभीर भाषेत: "समक्ष पाहणी केली असता नायिकेचे डोळे पान एकवर हिरवे व पान तीनवर घारे आढळून आले. वॉटसन नामक इसम पान दोनपासून बेपत्ता." मजकूर आधीच फुगलेला असतो, त्याला आणखी काय फुगवणार, आपण सरळ तोंड ठेवायचं.

दुसरा प्रकार ओळीमध्ये शेरे मारायचा. १९८८ ला अमेरिकेत मिस्टरी सायन्स थिएटर ३००० नावाचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, एक माणूस आणि रोबोट रद्दड सिनेमे बघत बडबडतात, तीच रीत फॅन लोकांनी कथांना लावली. यात मूळ ओळ जशीच्या तशी ठेवा, काना-मात्रा बदलला की तुम्ही लबाड. शेरा ओळीपेक्षा लहान. आणि लिहिलंय ते खरंच धरून चाला. "तिच्या डोळ्यांतून ठिणग्या पडल्या." बाई, कापसाच्या गंजीपासून लांब उभी राह. बस, पुढच्या तीन ओळी गप्प, प्रत्येक ओळीला टपली मारली तर लग्नातल्या डीजेसारखं होतं, कान बंद होतात.

शुद्धलेखनावर मात्र हसू नका. मी एकदा एका पोराच्या ऱ्हस्व-दीर्घावर पानभर लिहिलं, लोक हसले, त्या पोराने लिहिणंच सोडलं, आणि कथेतली खरी गफलत माझ्या लक्षातच आली नव्हती.

अत्र्यांचंच बघा ना. १९२५ ला झेंडूची फुले काढून भल्याभल्या कवींची टोपी उडवली, पण कवितेची चाल कशी बरोबर धरली. आणि आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ ला पुस्तकात आली, त्याला प्रस्तावना याच माणसाची. कान तोच ना.

चला, ही माझी वही फिरवतो. प्रत्येकाने एक शेरा लिहा, पेन्सिलने. पान चारवर होम्स शेवभाजी खाऊन रडतो, ते मात्र मी आजही खोडणार नाही.