स्वयंपाकाचं घड्याळ कुठून लावायचं?

मंडळी, ‘धावपळीच्या घरातला साधा स्वयंपाक’ हा विषय तुम्ही पत्रिकेवर वाचलाच आहे. आठवड्याची आखणी सांगेन असा शब्द मी संयोजकांना दिलाय आणि तो पाळणार आहे. पण त्याआधी मला कांद्याबद्दल बोलायचंय. बरीच वर्षं मनात साठलेली तक्रार आहे, आज ऐकून घ्या.

पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘कांदा बदामी रंगावर परता, पाच मिनिटं.’ इथे बसलेल्यांपैकी पाच मिनिटांत कोणाचा कांदा बदामी झालाय? हात वर करा. एकही नाही! आणि सगळे हसताय, म्हणजे प्रत्येकानं हे सोसलेलं आहे.

तो होत नाही, कारण होऊच शकत नाही. कांद्याच्या वजनात ८९ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते पाणी कढईत आहे तोवर कांदा १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही. रंग आणि खमंगपणा आणणारी जी रासायनिक क्रिया आहे, तिचं वर्णन मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये केलं. ती जोमानं चालायला साधारण १४० अंश लागतात. म्हणजे आधी पाणी उडणार, मग रंग येणार. कढईजवळ उभं राहून नुसतं ऐकलं तरी हे कळतं. सुरुवातीला ओला, दाट आवाज येतो, वाफ वर येत असते. कांदा काचेसारखा होतो, मग बसतो, निम्म्याहून कमी दिसायला लागतो. हळूहळू आवाज बारीक आणि कोरडा होतो, तळाला तपकिरी कड धरते. खरा रंग तिथून पुढे. चार कांदे मध्यम आचेवर ठेवले तर वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. गडद, गोडसर हवा असेल तर पाऊण तास. आच वाढवून पाहा, कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? छापण्यात चूक झाली असेल. मला ते पटत नाही. संध्याकाळी साडेसातला कामावरून आलेलं माणूस, मुलं भुकेली, हातात ती पाककृती. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कांदा अजून पांढराच. त्या माणसाला वाटतं, आपला हातच चालत नाही, हे आपलं काम नव्हे. आणि ते बाहेरून जेवण मागवतं. चुकीच्या एका आकड्यानं चांगल्या, कष्टाळू माणसाचा स्वतःवरचा विश्वास जातो. याचा मला मनापासून राग येतो.

दुसरी गोष्ट साहित्याच्या यादीतली. ‘दोन कांदे, बारीक चिरून. हरभरे दोन वाट्या, भिजवून शिजवलेले. पालेभाजी एक जुडी, निवडून, धुऊन.’ आणि वर ठळक अक्षरांत, ‘पंधरा मिनिटांत तयार’. अहो, सगळं काम तर यादीतच उरकून घेतलंत! हरभऱ्याचे भिजण्याचे आठ तास त्या एका ओळीत गेले. आणि ‘आज काय करायचं’ हा विचार, तो तर कोणीच मोजत नाही. जेवणानंतरची भांडी, ओटा पुसणं, उरलेलं काढून ठेवणं, तेही नाही. माझं म्हणणं एवढंच, की घड्याळ ‘काय करायचं’पासून लावा आणि मोरी रिकामी झाली की बंद करा. असं मोजलं, की गॅसवरचा वेळ त्यातला लहानसा भाग असल्याचं दिसतं. मग झटपट पाककृती शोधत बसण्यात अर्थ उरत नाही.

थोडं विषयांतर करतो. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. किती पावलं पडतात, कुठली वस्तू कुठे हाताशी हवी, हे सगळं अभ्यासून. जवळपास दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. आजच्या ओट्यांची आणि कपाटांची मांडणी बरीचशी त्याच विचारातून आली आहे. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, कारण घरकाम हे मोजण्याजोगं काम आहे असं त्यांनी मानलं. पण ती खोली होती जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. एक माणूस सुखानं काम करील, दुसरा शिरला की अडचण. पावलं वाचली, पण सगळी एकाच माणसाची वाचली. हा प्रश्न अजून...

बरं, चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. तर आखणी.

सुट्टीच्या आदल्या रात्री एक कडधान्य भरपूर भिजत घाला, पाण्यात थोडं मीठ घालून. सालं मऊ व्हायला मदत होते. सकाळी कुकरला लावा. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून वेळ वाचतो. टोमॅटो किंवा कुठलंही आंबट दाणे शिजल्यावरच घाला, नाहीतर ते कडक राहतात. राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेका आणि तो कधीही अर्धाकच्चा खाऊ नका. त्यातलं विषारी द्रव्य नुसत्या मंद आचेवर जात नाही, निदान दहा मिनिटं खळखळून उकळावं लागतं.

दुसऱ्या बर्नरवर आठवड्याचा कांदा. रुंद भांडं, चिमूट मीठ, आधी झाकण ठेवून मऊ करा, मग झाकण काढून पाणी उडवा. गार झाला की लहान लहान वाटे करून फ्रीजरमध्ये. शिजलेलं कडधान्य फ्रीजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं, त्यापुढचं फ्रीजरमध्येच ठेवा.

भाताचं मात्र वेगळं आहे, हे नीट ऐका. तांदळातल्या एका जिवाणूची बीजं शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात ओट्यावर तासन्‌तास पडला तर ती वाढून विष तयार करतात आणि पुन्हा गरम केल्यानं ते विष जात नाही. उरलेला भात लगेच पसरट ताटात मोकळा करा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा.

एवढं हाताशी असलं, की रोजचं काम जोडणीचं राहतं. कडधान्य, कांदा आणि पालेभाजी एक दिवस. तेच दाणे बटाट्याबरोबर पातळ करून दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी कांद्यावर अंडी फोडा. वार ठरवून टाका, कागद फ्रीजच्या दारावर लावा. दर आठवड्याला तेच पदार्थ आले तर येऊ द्या. घरात कोणी त्यानं उपाशी राहत नाही.

आणि शेवटचं. घरच्यांनी ‘मदत’ करू नये, वार घ्यावा. बुधवार ज्याचा, त्यानं काय करायचं ते ठरवावं, सामान आहे का पाहावं, रांधावं, वाढावं आणि कढई घासून पालथी घालावी. दहा वर्षांचं मूल असेल तर त्याचाही एक वार असू दे, मोठ्यांपैकी कोणी शेजारी उभं राहून. बाकीच्यांनी त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन मीठ किती घातलंस, आच मोठी का ठेवलीस, हे विचारायचं नाही. बोलावलं, की येऊन जेवायचं.