सड्यावरचे जेट आणि त्याचा तोल

रत्नागिरीच्या दक्षिणेला, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या एका कातळसड्यावर सकाळचे साडेसात वाजले आहेत. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अजून मंदपणे चालू आहे. करवंदीच्या जाळ्यांमधून जाणाऱ्या, वाहतूक बंद झालेल्या डांबरी रस्त्यावर २४०० ग्रॅम वजनाचे एक रेडिओ-नियंत्रित जेट तीन वजनकाट्यांवर उभे आहे. दोन काटे घरच्या स्वयंपाकघरातले आहेत आणि तिसरा मासळी विकणाऱ्या शेजारच्या काकूंकडून मागून आणलेला आहे. आज या विमानाचे पहिले उड्डाण आहे.

गेल्या डिसेंबरात याच रस्त्यावरून उडालेले आमचे आधीचे मॉडेल चाके जमिनीवरून सुटताच नाक वर करून उभे राहिले, डावीकडे कलले आणि कातळावर कोसळले. इंजिन ठीक होते, रेडिओ ठीक होता. गुरुत्वमध्य, ज्याला आपण सगळे ‘सीजी’ म्हणतो, तो दीड सेंटिमीटर मागे होता. बोटांच्या टोकांवर विमान उचलून ‘साधारण बरोबर आहे’ असे म्हणण्यावर आम्ही समाधान मानले होते. म्हणून या वेळी आधी गणित आणि मग उड्डाण, असे ठरवले.

या मॉडेलचा आकार तेजस या भारतीय लढाऊ विमानावरून घेतलेला आहे. मात्र तेजसच्या पंखाची पुढची कड दोन वेगवेगळ्या उतारांची असते, ती येथे एकाच सरळ रेषेत ठेवली आहे, त्यामुळे पंख साधा त्रिकोण झाला आहे. धडाच्या मध्यरेषेवर मोजलेली त्याची लांबी ६० सेंटिमीटर आहे. त्रिकोणी पंखाची सरासरी कॉर्ड, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची सरासरी रुंदी, या लांबीच्या दोन तृतीयांश, म्हणजे ४० सेंटिमीटर भरते, आणि ती त्रिकोणाच्या पुढच्या टोकापासून २० सेंटिमीटर मागे सुरू होते. तिच्या पाव भागावर, म्हणजे टोकापासून ३० सेंटिमीटरवर, पंखाचा तटस्थ बिंदू येतो. सीजी नेमका येथे असेल, तर झुळकेने वर झालेले नाक आपोआप खाली येत नाही, आणि सीजी याच्याही मागे गेला, तर ते आणखी वरच जात राहते. म्हणून कॉर्डच्या दहा टक्के, म्हणजे ४ सेंटिमीटर, पुढे सरकून आम्ही २६ सेंटिमीटरवर खूण केली. पुढे आलेले धड आणि हवा आत घेणारी तोंडे तटस्थ बिंदूला थोडे पुढे ओढतात. त्यासाठीही हे अंतर हाताशी असलेले बरे.

खऱ्या तेजसचा सीजी कोठे असतो, तेथेच आपलाही ठेवावा, असे काही जणांना वाटते. ते मुळीच करू नये. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेले ते विमान मुद्दाम अस्थिर घडवलेले आहे आणि त्याला संगणक क्षणोक्षणी सावरत असतो. मॉडेलमध्ये जायरो, म्हणजे विमानाचे डोलणे ओळखून ते सावरणारे छोटे उपकरण, बसवून तसेच साधता येईल, हा विचार आम्हाला धोक्याचा वाटतो, कारण जायरो मागे गेलेला सीजी दुरुस्त करत नाही, तो केवळ लपवतो, आणि उतरताना वेग कमी झाला की एलेव्हॉनची (पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्यांची) ताकद घटून तो दोष पुन्हा उघडा पडतो.

आता काट्यांकडे पाहू. पुढच्या चाकाखालच्या काट्यावर ३२० ग्रॅम दिसतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर ४५ सेंटिमीटर आहे. ३२० ला ४५ ने गुणून २४०० ने भागले की ६ येतात. म्हणजे सीजी मागच्या चाकांच्या ६ सेंटिमीटर पुढे आहे, आणि मागची चाके त्रिकोणाच्या त्याच पुढच्या टोकापासून ३३ सेंटिमीटरवर असल्याने तो आज २७ वर आहे. एक सेंटिमीटर मागे! नाकाच्या टोकाशी, खुणेपासून ४० सेंटिमीटर पुढे, ६० ग्रॅम शिसे ठेवले तर हिशेब जुळतो. पाग नावाच्या जाळ्याला लावतात तसल्या शिशाच्या गुळ्या येथे कोणत्याही बंदरावर मिळतात, तरी त्या आम्ही पिशवीतच ठेवल्या. ४०० ग्रॅमची लिपो बॅटरी ६ सेंटिमीटर पुढे सरकवली, की तेवढाच बदल वजन न वाढवता होतो, आणि हलके विमान सावकाश उतरते.

पुढचे चाक मागच्या बाजूला मिटणारे आहे. ६० ग्रॅमचा तो भाग ८ सेंटिमीटर मागे गेला की सीजी २ मिलिमीटर मागे सरकतो. ते अंतर आपण राखलेल्या ४ सेंटिमीटरमध्ये सहज सामावते. केरोसिनवरच्या टर्बाइन जेटमध्ये मात्र हा प्रश्न मोठा होतो, कारण २ लिटर इंधन म्हणजे सुमारे १.६ किलो वजन असते, आणि टाकी सीजीच्या पुढे असेल तर इंधन संपत आल्यावर, म्हणजे उतरताना, सीजी सर्वांत मागे गेलेला असतो. त्यामुळे तेथे मोजणी मुख्य टाकी रिकामी ठेवूनच करावी.

आठ वाजता विमान उडाले आणि उंची घेऊन सरळ पट्ट्यात आले. ते उलटे केल्यावर उंची राखण्यासाठी रेडिओची कांडी बरीच पुढे लोटावी लागली, म्हणजे नाक अजून थोडे जड होते. तिसऱ्या उड्डाणाआधी बॅटरी ३ सेंटिमीटर मागे घेतली. सीजी २६.५ वर आला, उलट्या उड्डाणात बोटाचा हलका दाब पुरेसा झाला आणि उतरताना नाक शेवटपर्यंत हातात राहिले.

दहाच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुरू झाले. सड्याच्या कड्यावर चढताना ते घुसळतात, म्हणून त्यानंतर आम्ही उड्डाण केले नाही; पंखाखाली दोन्ही बाजूंना २६.५ ची रेघ पक्क्या शाईने ओढली आणि बॅटरी सरकू नये म्हणून तिच्या जागेशी लाकडाचा अडसर चिकटवला.