पेटाऱ्यातली इमारत

नमस्कार, श्रोतेहो.

मुंगी म्हटलं की मराठी माणसाला साखर आठवते, नाहीतर तुकोबा. मी आज त्या वाटेनं जाणार नाही. माझी आजची मुंगी सॅन फ्रान्सिस्कोची आहे आणि ती ड्रम वाजवते. ती येईल शेवटी.

सिनेमा आहे 'अँट-मॅन अँड द वास्प'. वास्प म्हणजे आपली गांधीलमाशी. २०१५ साली 'अँट-मॅन' आला, त्याचा हा २०१८चा पुढचा भाग. दिग्दर्शक तेच, पेटन रीड. आमच्याकडे तो लागला गेल्या पावसाळ्यात, लॅपटॉपवर, भाचीच्या हट्टापायी. एरवी सुपरहिरो म्हटला की मी पडवीत जाऊन बसतो. त्या सिनेमांत शहरंच्या शहरं कोसळतात, आणि मला पडद्यावर फक्त एकच दिसतं, हे सगळं उचलणार कोण? ३ जून २०२०ला 'निसर्ग' वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-दापोलीकडची आडवी झालेली माडा-पोफळीची बागायत ज्यानं पाहिली, त्याला पडझडीची मौज वाटणं कठीण.

पण इथे जग वाचवायचंच नाहीये! एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला तीस वर्षांपूर्वी अणूहून लहान अशा सूक्ष्म जगात हरवलेली बायको परत हवी आहे, त्याच्या मुलीला आई हवी आहे, आणि नायकाला पोलिसांच्या आधी घरी पोचायचं आहे. बस्स.

नायक स्कॉट लँग दोन वर्षं घरात नजरकैदेत आहे. पायाला यंत्र बांधलेलं, उंबरठा ओलांडला की ते ओरडतं. सुटकेला उरलेत तीन दिवस. आता नजरकैद म्हणजे काय ते रत्नागिरीकरांना कुणी शिकवायला नको. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं, तो १९१६ साली इथेच वारला. त्याच्यासाठी राजवाडा तरी बांधला. स्कॉटच्या वाट्याला नुसतं घर, पण त्यात तो लेकीसाठी पुठ्ठ्यांची भुयारं आणि घसरगुंड्या रचतो. मला तो माणूस तिथेच आवडला.

स्कॉट अंगात पोशाख घालतो आणि मुंगीएवढा होतो. होप नावाची शास्त्रज्ञाची मुलगी तशीच लहान होते, शिवाय तिला पंख आहेत आणि डोकंही त्याच्यापेक्षा बरं आहे. मार्व्हल कंपनीच्या सगळ्या सुपरहिरोंच्या एकत्र मालिकेतला हा विसावा सिनेमा, आणि बाईचं नाव शीर्षकात यायला तोवर थांबावं लागलं. असो.

खरी गंमत आकारांची. हॉटेलच्या स्वयंपाकघरात मारामारी चालू आहे, आणि होप मिठाची बाटली एवढी मोठी करते की गुंडाची वाटच अडते. मोटारी खेळण्यांच्या डब्यातून काढायच्या, मोठ्या करायच्या, बसून निघायचं. शास्त्रज्ञाची अख्खी प्रयोगशाळा, काही मजल्यांची इमारत, बटण दाबलं की प्रवासी बॅगेएवढी होते. दांडा धरायचा आणि चाकांवर ओढत न्यायची. ते पाहिलं आणि मी भाचीला म्हटलं, अगं, हे दशावतारी आहेत!

हसू नका. आपली दशावतारी मंडळी पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव पायी जायची. त्या पेटाऱ्यात कोण नव्हतं? देव, दैत्य, राजे, राण्या, सगळे घडी घालून ठेवलेले. देवळापुढे पेटारा उघडला की रात्रभर अख्खं पुराण उभं, आणि सकाळी पुन्हा बंद. रंगमंचावर एकच बाकडं, तेच सिंहासन आणि तोच डोंगर. हॉलिवूडला त्याच कामाला संगणक लागले, एवढंच.

आता थोडं गणित. मुंगी स्वतःच्या कित्येक पट वजन कशी उचलते? तिच्यात जादू नाही. उंची निम्मी केली की स्नायूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर ताकद, चौथ्या हिश्शावर येते. वजन मात्र आठव्या हिश्शावर. म्हणजे जितकं लहान व्हाल, तितके आपल्या वजनाच्या मानानं बळकट. वजनाच्या मानानं अंगाचं क्षेत्रफळही तसंच जास्त उरतं, हवा पडणं अडवते, म्हणून माडाच्या शेंड्यावरून मुंगी पडली तर अंग झटकून चालायला लागते. नारळ काढणारा पाडेली पडला तर काय होतं ते सांगायला नको. मग हा हिशेब उलटा लावा. स्कॉट राक्षसाएवढा होऊन समुद्रात उतरतो, बोटीशेजारी उभा राहतो आणि थोड्याच वेळात दमून कोसळतो. दापोलीजवळच्या कर्द्याच्या डॉल्फिनवाल्या होडीतून असलं काही दिसलं तर पैसे वसूल! पण त्याचं दमणं मला पटलं. त्या आकाराला तेच व्हायचं.

न पटलेलंही सांगतो. अणूंमधलं अंतर कमी केलं की वस्तू लहान होते, असं ते म्हणतात. ठीक आहे. मग वजन कुठे गेलं? इमारतीचं वजन इमारतीएवढंच राहायला हवं, आणि म्हातारा ती बॅगेसारखी ओढतोय! भाची म्हणाली, "मामा, तुम्ही दशावतारात असं विचारता का?" गप्प बसलो.

खलनायक म्हणावा असा कुणी नाही. एक किरकोळ तस्कर आहे, तो सोडून द्या. भिंतीतून आरपार जाणारी एव्हा नावाची मुलगी आहे. तिचं शरीर क्षणोक्षणी विस्कटतं आणि ते दुखतं, म्हणून ती त्या प्रयोगशाळेच्या मागे लागते. तिला सांभाळणारा शास्त्रज्ञ आणि आपला म्हातारा हे जुने सहकारी, आता एकमेकांचं तोंड न पाहणारे. दोघं बोलायला लागले की थेट भावकीतलं भांडण. प्रश्न आजचा, उणंदुणं तीस वर्षांपूर्वीचं. आणि एव्हाला शेवटी कुणी मारत नाही. सापडलेली होपची आई तिच्या कपाळाला हात लावून तिचं दुखणं कमी करते.

इथे उठायला हरकत नव्हती. पण नावं सुरू झाल्यावर मध्येच एक प्रसंग येतो. स्कॉट अणूहून लहान होऊन त्या सूक्ष्म जगात गेलेला, आणि वर त्याला परत ओढणारी तिघंही माणसं राख होऊन उडून जातात. दुसऱ्या एका मोठ्या सिनेमातलं संकट या छोट्या घरात शिरतं. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. वायफाय गेलं. पाऊस कौलांवर कोसळतोय, आणि भाची अंधारात विचारतेय, "तो तिथेच राहिला?"

दोन तासांनी दिवे आले. तिनं धावत जाऊन उरलेला तुकडा लावला. स्कॉटचं घर सुनं, टीव्हीवर नुसता भोंगा, आणि माणसाएवढा एक मुंगळा बसून ड्रम बडवतोय. भाची एवढी खिदळली की आईनं माजघरातून विचारलं, काय झालं रे?

म्हटलं, काही नाही, मुंगळा आलाय.

"मग साखरेच्या डब्याचं झाकण नीट लाव हो," आई म्हणाली.