आळ उन्हावर आला होता

(दृश्य: धंतोलीचा रस्ता, भर दुपार. दुपट्ट्यांनी तोंड बांधलेले दुचाकीस्वार.)

नवतपाचे दिवस. नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला. धंतोलीतली गर्दी मात्र हटत नाही, कारण इथे दवाखाने आहेत. भंडारा, गोंदिया, यवतमाळ, पार छिंदवाडा-बालाघाटहून माणसं सकाळच्या गाडीने येतात, रक्त देतात आणि रिपोर्ट हाती पडेपर्यंत थांबून राहतात.

इथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर दुपारी पडायला लागला. पडायचा, आपणच पुन्हा सुरू व्हायचा, आणि तेवढ्यात काउंटरवर रांग लागायची. लॅबमधल्या मदतनिसाचं निदान ठरलेलं होतं: "मॅडम, उन्हानंच होऊन राहिलं हे."

मॅडम म्हणजे इथल्या सिस्टिम प्रशासक. मदतनिसाचा संशय त्यांनी उडवून लावला नाही. लाइन गेली की सर्व्हर यूपीएसवर चालत राहतो, पण खोलीतला एसी बंद होतो आणि खोली तापत जाते. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. प्रोसेसर फार तापला तर तो स्वतःला बचावासाठी सरळ बंद करतो. मागे काही लिहून ठेवत नाही. इथे पडद्यावर मजकूर उमटत होता.

(दृश्य: काळा पडदा, पांढरी अक्षरं.)

मेमरी, डिस्क, नेटवर्क, सगळं कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हाती असतं. साधा प्रोग्रॅम चुकला तर कर्नल त्याला बाजूला काढतो आणि बाकीची कामं चालू ठेवतो. कर्नलच चुकला तर त्याला सावरणारं वर कोणी नाही. म्हणून हिशेबात न बसणारं काही दिसलं की तो थांबतो. याला पॅनिक म्हणतात, आणि पडद्यावरचा मजकूर त्याचाच होता. लोक त्याला शिव्या देतात. मला मात्र तो कर्नलचा सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटतो. बिघडलेल्या मेमरीवर विसंबून तो डिस्कवर लिहीत राहिला असता, तर कोणाच्या तरी रिपोर्टमधला आकडा बदलला असता आणि ते कोणाला कळलंही नसतं.

अशा वेळी "फॉरमॅट मारून टाका" हा सल्ला हमखास मिळतो. पंचनाम्याआधी जागा धुऊन काढावी, तसं ते आहे.

हा सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतो. बर्कली युनिक्सच्या घराण्यातली ही प्रणाली, पहिली आवृत्ती १९९३ सालची. पॅनिक झालं की मेमरीची नक्कल, म्हणजे डंप, ही प्रणाली स्वॅपच्या जागेत, म्हणजे मेमरीला जोड म्हणून डिस्कवर राखलेल्या भागात, लिहून ठेवू शकते. साध्या फाइलमध्ये का नाही? कारण फाइल सिस्टिमही कर्नलचाच भाग आहे, आणि त्या क्षणी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पूर्ण मेमरी उतरवण्याचीही गरज नसते. कर्नल वापरत असलेली पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, पुरतात. मशीन पुन्हा सुरू होताना सेव्हकोर हा प्रोग्रॅम ती नक्कल उचलून 'व्हार'खालच्या 'क्रॅश' डिरेक्टरीत ठेवतो. लिनक्समध्ये वाट वेगळी आहे: तिथे आधीच राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा छोटा कर्नल जागा होतो आणि पडलेल्या कर्नलची मेमरी वाचून घेतो. त्या सोयीचं नाव केडंप.

दोन्हीकडे अट एकच. ही व्यवस्था पडण्याआधी लावलेली हवी. मॅडमनी आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये डंपडेव्ह, म्हणजे डंप कुठे लिहायचा ते, 'ऑटो' करून ठेवलं होतं, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

(दृश्य: केजीडीबी, म्हणजे कर्नलचा डंप वाचणारा डीबगर, उघडतो.)

डंप वाचायला कर्नल नेमका तोच लागतो, जो पडला होता. मधेच अपडेट केलं की पत्ते आणि फंक्शनची नावं जुळेनाशी होतात. मॅडमनी केजीडीबीत 'बीटी' हा आदेश दिला, आणि कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची उतरंड समोर आली. नवखा माणूस इथे सगळ्यात वरच्या ओळींत अडकतो. त्या ओळी पॅनिकच्या स्वतःच्या असतात: पॅनिक, ट्रॅप (चूक झाली की कर्नल जिथे शिरतो ते फंक्शन) वगैरे. खरी जागा ट्रॅपच्या लगेच खाली असते.

तिथे नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या कोडचं, एक फंक्शन होतं. मग त्यांनी आधीचे डंप उघडले. मेमरीतल्या ज्या पत्त्यावर कर्नल अडखळला तो प्रत्येक वेळी निराळा. एवढ्यावर थांबलं असतं तर रॅम खराब म्हणून बदलली गेली असती. पण इन्स्ट्रक्शन पॉइंटर, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या कोडची जागा, दर वेळी तीच. उष्णतेने किंवा खराब रॅमने पडणारा सर्व्हर सहसा असा एकाच जागी पडत नाही. आज इथे, उद्या तिथे पडतो. उन्हावरचा आळ इथे पहिल्यांदा सैल झाला.

मग दुपारच का? उत्तर त्याच डंपमध्ये होतं, कारण कर्नलचे शेवटचे संदेशही मेमरीतच असतात. प्रत्येक वेळी पडण्याआधी नेटवर्कची लिंक तुटल्याची नोंद होती. मॅडम उठून हॉलमध्ये गेल्या. नेटवर्कचा स्विच यूपीएसवर नव्हताच. तो कुलरच्या शेजारच्या साध्या बोर्डावर लावलेला होता. दुपारी परिसरातल्या कुलर-एसींचा भार वाढतो, लाइन जाते, स्विच विझतो, लिंक तुटते, आणि त्याच घाईत ड्रायव्हर एक बफर, म्हणजे डेटा ठेवायची मेमरीतली जागा, मोकळा करून पुन्हा तोच वापरायला जातो.

हा अजून अंदाज होता. तो तपासायला त्यांनी इनव्हेरिअंट्स हा जादा तपासण्यांचा पर्याय लावून नवा कर्नल बांधला. त्यात मोकळ्या केलेल्या मेमरीत मुद्दाम 'डेडकोड' असा वाचता येणारा हेक्स (सोळाच्या पद्धतीतला) आकडा भरला जातो. असा कर्नल मंद चालतो, म्हणून लॅब बंद झाल्यावर रात्री चाचणी घेतली. नेटवर्कवर भार टाकला आणि स्विचची पिन ओढली. सर्व्हर पडला, आणि रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या खणात, डेडकोड उभा होता.

नुसता स्विच यूपीएसवर नेला असता तर पडणं त्या दिवसापासून थांबलं असतं आणि चूक कोडमध्ये तशीच राहिली असती. मॅडमनी स्विच हलवला, सर्व्हर तात्पुरता कार्डाऐवजी मदरबोर्डवरच्या पोर्टला जोडला, आणि तरीही ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना तक्रार पाठवली: आवृत्ती, कार्डाचा प्रकार, उतरंड, आणि चूक पुन्हा घडवण्याची रीत. डंप मात्र जोडला नाही. त्यात कर्नलची मेमरी असते, म्हणजे पासवर्ड, किल्ल्या आणि रुग्णांच्या माहितीचे तुकडेही असू शकतात. मागितला तरी तो उघड्यावर टाकू नये.

(दृश्य: रात्रीची लॅब, टेबलावर सुटं नेटवर्क कार्ड.)

दुरुस्ती आली, तेव्हा कार्ड पुन्हा बसवलं गेलं. स्विच त्या रात्रीपुरता परत साध्या बोर्डावर आणला, इनव्हेरिअंट्सचा कर्नल लावून भार तोच ठेवला, आणि पिन ओढण्याचं काम मदतनिसाने मागून घेतलं. लिंक तुटली, जुळली, पुन्हा तुटली. सर्व्हर चालू राहिला, तेव्हा मॅडमनी इनव्हेरिअंट्सचा कर्नल काढून नेहमीचा बसवला, आणि 'क्रॅश' डिरेक्टरीतले जुने डंप पुसून टाकले.