जुन्या मोटारीचे दिवे : मागून येणाऱ्यासाठी

संधिप्रकाशातला हा रस्ता पाहा. पुढे चाललेल्या जुन्या मोटारीच्या चालकाने नुकताच ब्रेक दाबला. पण मागच्या लाल काचांमध्ये पडलेला फरक इतका पुसट होता, की तो टिपण्यासाठी आपल्याला हेच दृश्य पुन्हा पाहावे लागेल. मागून येणाऱ्या चालकाला मात्र तो फरक एकदाच दिसणार असतो, आणि तोही क्षणभरच. जुन्या मोटारीच्या बाहेरील दिव्यांत सुधारणा करायची ती त्या क्षणासाठी. स्वतःला रस्ता दिसावा हा दिव्याचा एक उपयोग झाला. आपण थांबतो आहोत, वळतो आहोत हे इतरांना कळावे, हा दुसरा उपयोग आमच्या मते अधिक महत्त्वाचा आहे.

या मोटारी बनल्या तेव्हा वळण्याची खूण काय असावी, यावरच एकमत नव्हते. दारांच्या मधल्या खांबातून बाहेर येणारा एक छोटा प्रकाशित हात युरोपातील अनेक मोटारींवर होता; विद्युतचुंबकाने तो उचलला जाई आणि वळण संपल्यावर खाली बसे. ब्रिटनच्या मॉरिस मायनर मोटारीवर असे हात १९६१ पर्यंत बसवले जात. अमेरिकेत ब्युइक कंपनीने १९३९ सालच्या मोटारींवर लुकलुकणारे सिग्नल दिले, तरी पुढचे सिग्नल तिथे दीर्घकाळ पांढरेच राहिले. पिवळसर नारिंगी रंग तिथे सर्वत्र आला तो १९६३ च्या मोटारींपासून. आजच्या चालकाची नजर मात्र मोटारीच्या कोपऱ्यांवरील नारिंगी उघडझापीला सरावलेली आहे, आणि मधल्या खांबातून वर आलेला हात त्याच्या लक्षातही येत नाही. तो हात काढून टाकावा असे आम्ही म्हणणार नाही. तो चालू राहावा, आणि त्याच्या जोडीला कोपऱ्यांवर लुकलुकणारे दिवेही असावेत.

तरीही पहिले काम नवे दिवे आणण्याचे नाही. जुन्या मोटारीचा दिवा मुळातच मंद असतो, हा समज बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश साधारण तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे १२ व्होल्टच्या बल्बला १०.८ व्होल्टच मिळत असतील, तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच हरवलेला असतो. तो हरवतो तांब्याच्या काळवंडलेल्या तारांत, झिजलेल्या स्विचमध्ये, बल्बच्या गंजलेल्या होल्डरमध्ये आणि सर्वांत जास्त अर्थिंगमध्ये, कारण या मोटारींत परतीचा प्रवाह बॉडीच्या पत्र्यातूनच जातो आणि पत्रा रंगवताना, जोडताना, गंजताना ती वाट अरुंद होत गेलेली असते. ६ व्होल्टच्या मोटारीत हे दुखणे आणखी तीव्र होते. तेवढ्याच वॅटसाठी तिथे दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून त्याच तारेत व्होल्टेजची घटही दुप्पट होते. आणि मुळात व्होल्टच निम्मे असल्याने ती घट प्रमाणात चौपट ठरते.

हे तपासण्यासाठी मल्टिमीटर पुरेसा आहे. दिवा चालू ठेवून मीटरचे एक टोक बल्बच्या धातूच्या कडीला आणि दुसरे बॅटरीच्या अर्थ जोडलेल्या टोकाला लावले, तर मीटर जो आकडा दाखवतो तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेवर हरवत आहेत. दिवा बंद असताना केलेले मोजमाप निरुपयोगी असते, कारण प्रवाहच नसेल तर घटही दिसत नाही. बॅटरीच्या दुसऱ्या टोकापासून बल्बच्या तळाच्या टोकापर्यंत असेच मोजले, की संपूर्ण फेरीचा हिशेब हाती येतो. पुष्कळदा होल्डर घासून साफ करणे आणि प्रत्येक दिव्यापासून बॉडीच्या स्वच्छ धातूपर्यंत एक स्वतंत्र अर्थची तार टाकणे, एवढ्यानेच दिव्याचे रूप पालटते. दिव्याच्या आतली परावर्तक वाटीही उघडून पाहावी. तिचा मुलामा उडालेला असतो. साध्या वाटीला आतून पांढरा रंग दिला तरी फरक जाणवतो.

हेडलाइटच्या बाबतीत जुन्या रचनेतला एक दोष समजून घ्यायला हवा. अनेक मोटारींत हेडलाइटचा संपूर्ण प्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो. ६० वॅटचे दोन अप्पर म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. हा भार कित्येक दशके सोसलेला स्विच तापतो आणि व्होल्ट खातो. त्याऐवजी बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड तार थेट रिलेला, म्हणजे थोड्याशा प्रवाहाने चालू-बंद होणाऱ्या विद्युत स्विचला, आणि तिथून दिव्याला न्यावी. जुना स्विच मग केवळ रिलेला आज्ञा देण्याचे हलके काम करतो. ज्या मोटारींत सात इंची गोल सीलबंद दिवे आहेत, तिथे त्याच मापाचा, वेगळा बल्ब बसणारा एच-४ दिवा बसतो. त्याचा अप्पर ६० आणि डिपर ५५ वॅटचा असतो. जुन्याच परावर्तकात एलईडीचा बल्ब खोचणे मात्र आम्हाला मान्य नाही. परावर्तकाचा आकार तंतूच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. प्रकाशाचा उगम मिलिमीटरभर सरकला तरी झोत विस्कटतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. अनेक देशांत अशा बदलास कायद्याचीही मान्यता नाही.

मागच्या दिव्यांत एलईडी खरोखर उपकारक ठरतो. तंतू तापून पूर्ण प्रकाशायला साधारण सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा वेळ लागतो. एलईडी जवळजवळ तत्क्षणी पेटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्या वेळात साडेपाच मीटर पुढे येते, आणि तेवढे अंतर मागच्या चालकाला अधिकचे मिळते. मात्र लाल काचेमागे लाल एलईडीच हवा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो, म्हणून काच त्यातले बरेचसे अडवते आणि दिवा फिकट दिसतो. नारिंगी काचेमागे, त्याच कारणासाठी, नारिंगी. दुसरी गोष्ट तेजाच्या फरकाची. जुन्या दुहेरी बल्बमध्ये टेललाइटचा तंतू ५ वॅटचा आणि ब्रेकचा २१ वॅटचा असतो, म्हणजे चौपटीहून जास्त. काही एलईडी बल्बांत टेललाइटच इतका प्रखर असतो, की ब्रेक दाबल्यावर फारसे काही बदलत नाही. असा बल्ब दुकानात डोळ्यांत भरतो, पण जे सांगण्यासाठी तो लावला तेच सांगत नाही.

सिग्नलमध्ये एलईडी बसवला, की अडचणींची मालिका सुरू होते. सिग्नलची उघडझाप करणारा जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो : बल्बांचा प्रवाह त्याच्या आतल्या तारेला किंवा पट्टीला तापवतो, तापल्याने जोड उघडतो वा जुळतो, निवल्यावर पुन्हा पूर्वस्थितीला येतो. पुढचा-मागचा २१ वॅटचा एकेक बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात, आणि फ्लॅशर त्या प्रवाहासाठीच बनवलेला असतो. एलईडी त्याच्या लहानशा अंशावर भागवतो, त्यामुळे फ्लॅशर एक तर हलतच नाही, किंवा भलत्याच गतीने चालतो. काही जण बल्बच्या बरोबरीने रोधक (रेझिस्टर) जोडून हा प्रवाह कृत्रिमपणे वाढवतात. ६ ओहमचा रोधक १२ व्होल्टला २४ वॅट उष्णता बाहेर टाकतो. तो वायरिंगला किंवा आतल्या अस्तराला टेकला तर ते वितळू शकते. भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हाच सरळ उपाय आहे. फक्त मोटारीची अर्थ कोणत्या टोकाला आहे हे आधी पाहावे. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत धन टोक बॉडीला जोडलेले असते, आणि अशा मोटारीत उलट जोडलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर जळतो. उघडझापीची गती मिनिटाला ६० ते १२० यांच्या दरम्यान असावी.

फ्लॅशर बदलल्यावरही एक चमत्कारिक गोष्ट घडू शकते : डावा सिग्नल दिला, तरी चारही कोपरे लुकलुकू लागतात. कारण डॅशबोर्डवरचा एकुलता एक सूचक दिवा अनेक मोटारींत डाव्या आणि उजव्या तारांच्या मध्ये जोडलेला असतो. डावी बाजू पेटली, की त्याचा प्रवाह उजव्या बल्बांच्या तंतूंमधून अर्थला जातो. तो इतका क्षीण असतो, की ते तंतू पेटत नाहीत. एलईडीला मात्र तेवढाही पुरतो. म्हणून दोन्ही तारांपासून एकेक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, आणून सूचक दिव्याच्या एका टोकाला जोडावा आणि त्याचे दुसरे टोक अर्थ करावे. धन अर्थच्या मोटारीत डायोड उलटे बसतात. दोन लहान डायोडांचे हे काम आहे. पण कारण ठाऊक नसेल तर माणूस निर्दोष वायरिंग उसवत बसतो.

धोक्याच्या वेळी चारही सिग्नल एकदम चालवणारा स्विच, आणि मागच्या काचेच्या आत बसणारा तिसरा ब्रेकलाइट, या दोन गोष्टी पत्र्याला एकही छिद्र न पाडता करता येतात. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

आता मोटार उन्हात उभी आहे. अंधारात कोणताही दिवा उजळ वाटतो, म्हणून ही तपासणी भर दुपारी करायची असते. एक जण चालकाच्या जागी बसला आहे, दुसरा पन्नास पावले मागे, सूर्याकडे पाठ करून उभा आहे, म्हणजे ऊन थेट मागच्या काचांवर पडेल. आधी टेललाइट, मग त्यावर ब्रेक, मग ब्रेक दाबलेला असतानाच डावा सिग्नल. मागचा माणूस प्रत्येक वेळी काय दिसले ते मोठ्याने सांगतो, आणि त्याने सांगितलेले चालकाने केलेल्याशी जुळेपर्यंत दोघेही जागा सोडत नाहीत.