दुसरी कंपनी गल्लीत येते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. इंटरनेट अडकलं की राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा, हे आता घरातल्या आजीलाही ठाऊक आहे. पण त्या राउटरपर्यंत येणारी फायबरची केबल कंपनी कधी टाकते? पैसा असला की? नाही. दुसरी कंपनी येताना दिसली की!

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराचा किस्सा ऐका, मला तो फार आवडतो. 9 एप्रिल 2013. गूगलने जाहीर केलं, ऑस्टिनमध्ये आम्ही फायबर टाकणार, सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिट वेग देणार. त्या शहरात एटी अँड टी ही जुनी टेलिफोन कंपनी. गल्लोगल्ली तिच्या तांब्याच्या तारा. गिऱ्हाईक बांधलेलं, घाई कसली? आणि त्याच दिवशी, हो, त्याच दिवशी एटी अँड टीनेही सांगितलं, आम्हीही गिगाबिटचं जाळं उभारायला तयार आहोत. गूगलला ज्या अटी दिल्या, त्याच आम्हाला द्या. डिसेंबरमध्ये तिची सेवा सुरूसुद्धा झाली, आधी 300 मेगाबिटची. गूगलची सेवा सुरू व्हायला पुढचा डिसेंबर उजाडला. गंमत पुढे आहे. 2015 मध्ये याच एटी अँड टीचा गिगाबिटचा दर ऑस्टिनमध्ये महिना 70 डॉलर होता आणि कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोत 110 डॉलर. कंपनी तीच, वेग तोच. कुपर्टिनोत गूगलचं फायबर नव्हतं.

म्हणजे दुसरी कंपनी येताना दिसली की पहिली पैसा ओतते. मात्र त्यासाठी घरं दाटीने हवीत. खणायचा खर्च एकदम करावा लागतो आणि गिऱ्हाईक दोघांत वाटलं जातं. विरळ वस्तीत दुसरी सोडाच, पहिलीही येत नाही. म्हणून तर ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायला सरकारला 2011 मध्ये योजना आखावी लागली. तीच आजची भारतनेट.

खणण्यावरून आठवलं. एकाने रस्ता खणायचा, बुजवायचा, महिन्याने दुसऱ्याने तोच खणायचा, हे मला मुळीच पटत नाही. महापालिकेने केबलसाठी एकदाच जमिनीत नळ्या पुराव्यात आणि सगळ्यांना भाड्याने द्याव्यात. खर्च वाटला जाईल, तर दुसरी कंपनी येईलही.

आणि हो, तुमच्या सोसायटीची कमिटी एकाच कंपनीशी करार करत असेल, तर सही होण्याआधी तो कागद मागून वाचा. इतर कुणाला केबल आणू देणार नाही, असं कलम त्यात आहे का, तेवढं बघा. नमस्कार.